लग्नं कमी करून खेळ, जत्रा आणि गावातली माणसं कव्हर करायचीत, फ्रीलान्स म्हणून कसं जमवता?

वाळव्याचा_क्लिक

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, लग्नाचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं आणि त्याबद्दल तक्रार काही नाही. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानाला कॅमेरा घेऊन गेलो आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येईना झालंय. हलगी वाजायला लागली की अंगावर काटा येतो ते लहानपणापासून माहीत होतं, पण फोटो काढायच्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं. नंतर कबड्डीचे रात्रीचे सामने केले, एक शाळेचं स्नेहसंमेलन आणि तालुक्याच्या खो-खो स्पर्धा केल्या, सगळं फुकट.

आता इथून पुढं हे नीट, धंदा म्हणून करायचंय. लग्नं पूर्ण सोडणार नाही, पण निम्मी तरी कमी करायची इच्छा आहे. माझ्याकडं फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४-७० आणि ८५ एमएमच्या लेन्स आहेत, लांबची लेन्स नाही. मैदानात कुठं उभं राहायचं, कोणाला विचारायचं हेच कळत नाही, कमिटीवाले कधी पुढं बोलावतात कधी हाकलतात. पैसे नेमके कोण देतं हा मोठा प्रश्न, कारण फोटो सगळ्यांना पाहिजे असतात आणि स्टेटसला लावून मोकळे होतात. एका पेपरनं माझा कुस्तीचा फोटो नाव न टाकता छापला, विचारलं तर म्हणाले व्हॉट्सॲपवर आला होता. यात काही करता येतं का?

आणि अजून एक गोष्ट जी मला जास्त खटकते. जत्रेतली म्हातारी माणसं, पोतराज, फुगेवाले, मैदानाच्या कडेला बसलेल्या बायका, ह्यांचे फोटो काढतो तेव्हा ते छान हसतात, पण नंतर तो फोटो मी इन्स्टाला टाकतो आणि त्यांना पत्ताच नसतो. हे बरोबर आहे का? जे लोक वर्षानुवर्षं हे करतायत त्यांनी जरा सविस्तर सांगा, लांबलचक लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

लालमाती_कोल्हापूर

भावा, लेन्सचं आधी संपवून टाकू. ७०-२०० एफ २.८ म्हणजे लांबचं जवळ आणणारी, कमी उजेडातही चालणारी लेन्स पाहिजेच, जुन्या पिढीतली सेकंडहँड मिळाली तरी घे, पण ती येईपर्यंत थांबू नको. कुस्ती ८५ वर झकास होते. पैलवान काय तुझ्यापासून लांब पळून जाणार नाहीत, हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेला गुडघ्यावर बसलास तर फ्रेम भरून जोड मिळते. उभा राहून वरनं काढलेला फोटो म्हणजे नुसती दोन डोकी आणि माती. खाली बसलास की मागं आकाश नाहीतर फेटेवाली माणसं येतात आणि पैलवानाचा जोर दिसतो.

आमच्या कोल्हापुरातल्या खासबागला कधी गेला नसशील तर एकदा नुसतं बघायला जा. शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान आहे, मधे आखाडा आणि चहूबाजूनं उतरती बैठक, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते. फोटोवाल्याला ह्याचा फायदा असा की तिथं वरच्या टप्प्यावरनंही चांगला फोटो होतो, कारण मागं नुसती लाल माती राहते, पत्र्याचं शेड नाही की फ्लेक्स नाही. गावच्या मैदानात हे मिळत नाही, तिथं पाठीमागं कुणाचा तरी वाढदिवसाचा बोर्ड असतोच, मग अर्धा तास आधी जाऊन कोणत्या बाजूला मागची बाजू मोकळी आहे ते बघून ठेवायचं.

आता महत्त्वाचं. डाव शिकल्याशिवाय कुस्तीचा फोटो येत नाही. सेकंदाला वीस फ्रेमवाला कॅमेरा घेतला तरी येत नाही. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला जाणारा पैलवान आधी खांदा खाली घेतो, नजर समोरच्याच्या मांडीवर जाते. घिस्सा डाव मारणाऱ्याचा हात आधी समोरच्याच्या लांगेत (लंगोटात) जातो. ढाक, म्हणजे उलटवून फेकायचा डाव, लागताना वरचा पैलवान क्षणभर हवेत असतो आणि दोघांचेही चेहरे दिसतील अशी बाजू एकच असते, ती तुला आधी ओळखता आली पाहिजे. म्हणून म्हणतो, मैदानाच्या आधी तालमीत जा. पहाटे जा, पोरं माती उकरत असतात, जोर-बैठका चालू असतात. कॅमेरा पिशवीतच ठेव, वस्तादांना भेट, पाया पड, चप्पल बाहेर काढ, आखाड्याच्या मातीत चप्पल-बूट घालून पाय टाकायचा नाही हे तुला माहीत असेलच. त्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर कालवलेला असतो, पोरं तिला देव मानतात. दोनचार पहाटा नुसतं बस. एकदा वस्तादांनी "काढ की रं फोटो" म्हटलं की पुढं त्या तालमीचा प्रत्येक पैलवान कुठल्याही मैदानात तुला ओळख देतो, आणि कमिटीनं हाकलायचा प्रश्नच मिटतो. कमिटीतल्या निम्म्या लोकांचा वस्ताद तोच असतो.

वेळेचं गणित सांगतो. दुपारी उन्हात बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवरच्या, नारळावरच्या. बहुतेक फोटोवाले तेव्हा सावलीत चहा पीत असतात कारण ऊन वाईट असतं आणि नाव असलेला पैलवान कोणी नसतो. तू तेव्हाच काम कर. त्या पोरांचे बाप, आजे सगळे तिथंच असतात आणि नातवानं समोरच्याची पाठ मातीला लावली तो फोटो आज्याला घरात लावायचा असतो, मोबाईलवर नको असतो, फ्रेम करून पाहिजे असतो. माझं जत्रेतलं सगळ्यात खात्रीचं उत्पन्न तेच आहे. पोर्टेबल प्रिंटर आणि बॅटरी घेऊन जातो, जागेवर प्रिंट देतो. मोठ्या जोडी लागतात तोवर दिवस मावळलेला असतो, उजेड गेलेला असतो, गर्दी आत घुसलेली असते, तिथं तुला जाहिरातीचे, पोस्टरचे फोटो मिळतील पण मेहनत दसपट.

निकाली कुस्ती झाली की सगळे जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन पळतात आणि सगळे कॅमेरे त्याच्या मागं. हरलेला तिथंच पाठीची माती झटकत उठत असतो. तो फोटो काढायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी काढतो, पण वस्तादांना आणि त्या पोराला दाखवल्याशिवाय कुठंही टाकत नाही. काही पोरांनी तोच फोटो मागून घेतलाय आणि तालमीत लावलाय.

फुटबॉलचंही बघ. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या संघांच्या मॅचला जी गर्दी असते ती बघून बाहेरच्या फोटोग्राफरांचा विश्वास बसत नाही. तिथं गोलच्या मागं कोपऱ्यात बस आणि अर्धा वेळ प्रेक्षकांकडं कॅमेरा कर. खेळाडूचा फोटो मंडळ घेतं, पेठेचा फोटो अख्खी पेठ घेते.

जुना_स्ट्रिंगर

पेपरचं आणि हक्काचं मी सांगतो, कारण जिल्हा पातळीवर पेपरांना फोटो पुरवण्यात माझी उमेद गेली आहे.

तुमचा फोटो तुमचाच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता मानलाय. तुम्ही स्वतःहून मैदानात गेलात, कोणाचे नोकर नाही, कोणी पैसे देऊन बोलावलं नाही, तर पहिला मालक तुम्ही. नाव न टाकता छापला, व्हॉट्सॲपवर आला होता, हे काही कारण होत नाही. संपादकांना साध्या भाषेत मेल करा, मूळ फाईलचा छोटा नमुना, काढल्याची तारीख-वेळ आणि छापलेल्या पानाचा फोटो जोडा, आणि दोनच गोष्टी मागा, दुरुस्ती म्हणून नाव छापणं आणि वापराचं मानधन. भांडणाच्या सुरात लिहू नका. बहुतेक वेळा डेस्कवरच्या माणसाला खरंच माहीत नसतं की फोटो कोणाचा. मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाईल) कधीही कोणालाही देऊ नका, तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

पण इथं एक खाच आहे जी लग्नवाल्या फोटोग्राफरला जास्त लागू होते आणि फार कमी जणांना माहीत असते. कोणी पैसे मोजून, सांगून तुमच्याकडून फोटो काढून घेतले, म्हणजे यात्रा कमिटीनं दिवसाचे पैसे ठरवून बोलावलं, आणि वेगळा काही करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा होतो. तुम्ही नाही. म्हणून दिवसाच्या रेटनं काम घेताना आधी एक कागद करा. मराठीत, एका पानाचा. फोटो कमिटी कशासाठी वापरेल, मालकी कोणाची राहील, नाव कसं टाकायचं, आणि तुम्हाला ते स्वतःच्या कामात दाखवता येतील की नाही. कमिटीचे अध्यक्ष सही करायला कां कूं करत नाहीत हो, आपणच मागायला लाजतो.

अजून पुढं. कोणी म्हणालं सगळे हक्क आम्हाला द्या, तर ते लेखी असल्याशिवाय होत नाही, कलम १९. आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हक्क विकलेत तरी फोटो मी काढला हे सांगायचा तुमचा अधिकार शिल्लक राहतो, ते कलम ५७. फोटोचा कॉपीराइट २०१२ च्या दुरुस्तीनंतर काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं आहे, म्हणजे आज तुम्ही जत्रेत काढताय ते तुमच्या नातवंडांच्या कामाला येणार आहे. त्यामुळे नीट साठवा. दोन हार्डडिस्क, एक घरात, एक दुसऱ्याच्या घरात.

लालमातींनी कमाईचं सांगितलं ते खरं, पण त्यात मी एक भर घालतो. पेपर सोडू नका. फोटोमागे जे मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही हे मान्य, मी त्यावर जगायला सांगत नाहीये. पण पेपरच्या कामानं शिस्त लागते. सामना संपायच्या आत तीन फोटो, कॅप्शनसकट, पोचले पाहिजेत. कॅप्शनमधे कोण, कुठल्या संघाचा, कोणाविरुद्ध, कुठं, कधी. ही सवय लागली की पुढं मंडळं, अकादम्या, क्रीडा संघटना तुम्हाला शोधत येतात, कारण छान फोटो काढणारे पुष्कळ असतात पण नावं बरोबर लिहिणारे कमी. सामना सुरू व्हायच्या आधी गुणलेखकाच्या टेबलावर जाऊन संघाच्या यादीचा मोबाईलवर फोटो काढायचा, नंबर आणि नाव. हे कधीही चुकवू नका. खेड्यातल्या पोरीचं नाव पेपरात पहिल्यांदा येतं आणि ते चुकीचं येतं, ह्यासारखं वाईट काही नाही. तिच्या घरी ते कात्रण आयुष्यभर राहतं.

पालखीमार्ग

मी पुण्याची, वारी, जेजुरी, मॅरेथॉन, महिला कबड्डी असं सगळं करते, फ्रीलान्सच. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय, कारण तो फार कमी जण विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वारीत रिंगणाला, म्हणजे वारकऱ्यांच्या गोलात पालखीचा घोडा धावतो तिथं जा, बेलवाडीला किंवा चांदोबाच्या लिंबाला, घोडा धावला की एवढे फोटोवाले आत घुसतात की ज्यांचं रिंगण आहे त्या वारकऱ्यांनाच दिसत नाही. झेंडेकरी, तुळशीवाल्या बाया वर्षभर ह्या दिवसाची वाट बघतात. तिथं पुढं जायचा हक्क आपल्याला कोणी दिला? मी आता सरळ दिंडीच्या विणेकऱ्यांना विचारून दिंडीसोबत चालते. एका दिंडीसोबत चाललात की दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे कोणी कॅमेऱ्यासारखं बघत नाही, आणि मग जे फोटो मिळतात ते रिंगणाच्या कडेला धक्काबुक्की करून मिळत नाहीत. पाय दाबून घेणारी आजी, चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या, ट्रकच्या सावलीत झोपलेले, फोनवर घरच्या शेळीची चौकशी करणारे आजोबा.

आणि एक गोष्ट मी रागानं लिहितेय. नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नका. दर वर्षी लांब लेन्स लावून उभे असतात, चंद्रभागेवर तर हमखास, आणि मग ते फोटो स्पर्धांना जातात. त्या बाईला कपडे बदलायला आडोसा नाही ही तिची अडचण आहे, तुमचा विषय नाही. असा फोटो दिसला की मी त्याखाली लिहिते आणि आयोजकांनाही कळवते, तुम्हीही लिहा.

परवानगीचं म्हणाल तर, रस्त्यावर, जत्रेत, सार्वजनिक ठिकाणी फोटो काढणं वेगळं आणि तो फोटो जाहिरातीला विकणं वेगळं. विकायचा असेल तर लेखी संमती घ्याच. नुसतं इन्स्टाला टाकायचा असला तरी मी मागच्या स्क्रीनवर दाखवते आणि विचारते, "आजी, हा मोबाईलवर सगळ्यांना दिसेल, चालेल का?" बहुतेक जणी हो म्हणतात, काही नाही म्हणतात, कधी सून नाही म्हणते. नाही म्हटलं की विषय संपला. लहान मुलांचं तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच, खेळातल्या मुलींचं जास्त सांभाळायचं. कबड्डी, कुस्तीत अंगाची ओढाताण असते, जर्सी वर जाते, तो फ्रेम कितीही जोरदार असला तरी डिलीट. मुलींचे पालक ह्याच भीतीनं खेळ बंद करतात, प्रशिक्षक मला स्वतः सांगतात. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी तुमच्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुषांचा कॅप्टन प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियंका इंगळे, दोन्ही आपल्याच महाराष्ट्राचे, दोन्ही कप भारतानं जिंकले. तालुक्याच्या मैदानात आज ज्या पोरी पळतायत त्यांचे चांगले, सन्मानाचे फोटो कोणाकडेच नाहीत. ते तुम्ही काढा ना. तुम्ही खो-खो केलंय म्हणालात, तिथं खांबाजवळ बसा, पोल डाइव्ह (खांबाला धरून घेतलेली झेप) तिथंच मिळते, बाकी सगळे फोटोवाले मैदानाच्या मधोमध बाजूला उभे असतात.

फोटो परत नेऊन द्या. दुसऱ्या वर्षी त्याच जत्रेला जाताना प्रिंट घेऊन जा. पोतराज, फुगेवाले हे ठरलेल्या जत्रांना येतात, सापडतात. माणूस सापडला नाही तर त्याच्या शेजारच्या स्टॉलवाल्याकडे ठेवा, पोचतो. ह्यात धंदा शोधू नका, हे त्यांचं देणं आहे.

जेजुरीला जाणार असाल तर भंडाऱ्याची पूड फार बारीक असते, लेन्स बदलायचीच नाही तिथं, एकच लावून रेनकव्हर घालून जायचं. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी पंपानं) धूळ उडवा. गुलालालाही हेच.

मंडळ_अलिबाग

मी फोटोवाला नाही, रायगडात आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धा भरवतो त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगतो. आम्ही फोटोवाल्याला हाकलतो ते तीनच कारणांनी. एक, चढाई चालू असताना फ्लॅश मारतो. चढाईपटूच्या डोळ्यावर फ्लॅश गेला तर पाय मुरगळतो, गुण जातो, मग पब्लिक आमच्या अंगावर येतं. दोन, रेषेला चिकटून उभा राहतो, खेळाडू बाहेर पडताना त्याच्या कॅमेऱ्यावर पडतो. तीन, पंचांच्या नाहीतर टीव्हीच्या कॅमेऱ्याच्या आड येतो. एवढं पाळलं तर कोणी काही बोलत नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधी फोन करा, पत्रिकेवर सचिवाचा नंबर असतोच, त्याला सांगा मी येतोय, पास ठेवा. आयत्या वेळी गेटवर वाद घालणारा कितीही मोठा असला तरी डोक्यात जातो.

आणि खरं सांगू का, आम्हाला पैसे द्यायला जीवावर येत नाही. स्पर्धेला प्रायोजक असतो, त्याला दाखवायला फोटो लागतात, ज्यात बोर्ड दिसतो, बक्षीस देताना चेहरे दिसतात. ते काम कंटाळवाणं आहे पण त्याचे पैसे प्रायोजकाच्या खात्यातून निघतात. ते नीट करून दिलं तर खेळाचे फोटो तुम्ही तुमच्या मनासारखे काढा, आमची ना नाही.

वाळव्याचा_क्लिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, नदीवरचं आणि मुलींचं जे लिहिलंत ते मी आमच्या तालुक्याच्या फोटोग्राफर ग्रुपवर टाकू का? पेपरला आज रात्री मेल करतोय, स्ट्रिंगर काकांनी सांगितलं तसं.

दोन बारके प्रश्न. रात्रीच्या कबड्डीत माझे निम्मे फोटो काळपट आणि निम्मे पिवळे-हिरवे येतात, सेटिंग एकच असतं तरी, हे का होतं? आणि आमच्याकडं बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्यात, तिथं जायचंय, तर काय सांभाळायचं?

लालमाती_कोल्हापूर

काळपट-पिवळ्याचं कारण लाईट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी आणि टॉवरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही पण तू शटर १/१००० सेकंदावर मारलास की कधी उजेडाचा वरचा भाग सापडतो कधी खालचा, आणि त्याबरोबर रंगही फिरतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू कर, तो लाईट वर असतानाच शटर सोडतो, बर्स्ट (सलग फोटोंचा वेग) थोडा मंदावतो पण फोटो सारखे येतात. आणि मेकॅनिकल शटरच वापर, इलेक्ट्रॉनिकवर आडवे पट्टे येतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला घाबरू नको, १२८०० गेला तरी चालेल. दाणे दिसले तरी फोटो छापतात, हललेला कोणी छापत नाही. कबड्डीला १/८०० च्या खाली शक्यतो उतरू नको.

उभं कुठं राहायचं तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागच्या रेषेच्या पलीकडं, म्हणजे चढाईपटूचा चेहरा तुझ्याकडं येतो. आणि पकड झाल्यावर मध्यरेषेकडं हात लांब करून झेप घेतो तो फोटो पाहिजे असेल तर मध्यरेषेच्या सरळीत बाजूला. एका सामन्यात दोन्ही मिळवायला धावू नको, पहिल्या डावात इथं, दुसऱ्यात तिथं.

घाटावरचा

बैलगाड्याचं मी सांगतो, खेड-जुन्नर भागात आमच्याकडं घाट भरतात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर शर्यती होतात. २०१४ ला बंदी आली होती, डिसेंबर २०२१ ला कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. म्हणजे आता कायदेशीर आहे पण अटी आहेत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही. आयोजकांकडं परवानगी आहे का हे आधी विचारा, नसेल तर जाऊच नका. आणि कोणी अटी मोडताना दिसलं तर ते फोटोत आलं म्हणून लपवायचं नाही असं माझं मत आहे, शर्यत टिकवायची तर तेच गरजेचं आहे.

जिवाचं सांगतो. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की गाडा सरळच जाईल असं कधी धरून चालू नका. धावपट्टीच्या आत, बॅरिकेडच्या आत, कितीही भारी अँगल असला तरी उतरायचं नाही. दरवर्षी माणसं जखमी होतात आणि त्यात मोबाईल-कॅमेरावाले असतात. खाली सुटायच्या जागेजवळ उभं राहू नका, तिथं बैल बिथरलेले असतात. वर घाटाच्या माथ्यावर, निशाणाच्या बाजूला थोडं मागं, उंचावर उभं राहा, २०० एमएमवर आरामात मिळतं, धूळ उडालेली, पुढं घोडी आणि मागं बैल. सकाळचा उजेड घ्या, दुपारी धुळीनं सगळं पांढरं होतं. ड्रोन उडवायचा विचार असला तर सोडून द्या, २५० ग्रॅमच्या आतला असला तरी, आवाजानं बैल बुजतात.

मालकांशी बोला. बैलाचं नाव विचारा, खुराक विचारा. मालकाला स्वतःपेक्षा बैलाचा फोटो पाहिजे असतो, शर्यतीच्या आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन काढलेला. त्याचे पैसे तो न मागता देतो.

पालखीमार्ग

हो, जरूर टाका ग्रुपवर, नाव नाही टाकलंत तरी चालेल. आणि उत्पन्नासाठी एक राहिलंच, धावण्याच्या स्पर्धा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन तुमच्यापासून लांब नाही. यवतेश्वरच्या चढावर उभे राहा, छातीवरचा नंबर स्पष्ट दिसेल असा समोरून फोटो, नंबरावरून शोधता येतो आणि धावणारा माणूस स्वतःचा फोटो विकत घेतोच. मोठ्या स्पर्धांत आयोजकांनी फोटोचं काम आधीच एखाद्या कंपनीला दिलेलं असतं, त्यांना माणसं कमी पडतात, त्यांच्याकडे दिवसाच्या रेटवर काम मिळतं. फक्त स्ट्रिंगर काकांचा एक पानी कागद तिथंही विसरू नका.

मंडळ_अलिबाग

आमच्या स्पर्धा जानेवारीत असतात, तारीख ठरली की इथंच टाकतो. यायचं असेल तर वैयक्तिक निरोपात नंबर पाठवा, पास आणि राहायची सोय बघतो, रात्री उशिरापर्यंत सामने चालतात त्यामुळं परत जायची घाई ठेवू नका. बॅटऱ्या चार्ज करायला मंडपात पॉइंट देतो.